भूकंप एकच, मग आई जागी आणि मामा गप्प का?

पत्राचा सारांश: पुण्यात नोकरी करणाऱ्या पंचविशीतल्या एका तरुणीचे हे पत्र आहे. तिच्या आईचे माहेर किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात तिचे आजी-आजोबा आणि आठ वर्षांची धाकटी मावशी गेली. चौदा वर्षांची आई आणि एकोणीस वर्षांचा मामा वाचले. मामाने हातांनी माती उपसून आईला बाहेर काढले, हे आईने आजवर एकदाच, तेही ओझरते सांगितले आहे. आई आज चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दाराला लागून असलेल्या खोलीत झोपते, उशाशी चपला आणि बॅटरी ठेवते आणि रात्री दोन-तीनदा उठून तांब्यातले पाणी हलते आहे का ते पाहते. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोली परिसरात धक्के बसल्याची बातमी आली, तेव्हा ती तीन रात्री झोपली नाही. मामा पुनर्वसित गावात शेती करतो, माळकरी आहे, कधी ओरडत नाही आणि कधी हसतही नाही. भूकंपाचा विषय निघाला की तो उठून जनावरांकडे जातो. बाराही महिने अंगणात पत्र्याखाली झोपतो. भाचीला त्याने लहानपणी कधी उचलून घेतले नाही. दर वर्षी वारीला मात्र जातो आणि आल्यावर आठ-दहा दिवस बरा असतो, असे मामी म्हणते. डिसेंबरात भाचीचे लग्न आहे, आणि मामाने निरोप पाठवला आहे: "पैसे पाठवतो, मला यात धरू नका." आई म्हणते, "दादाचे काळीज त्या रात्रीच दगडाचे झाले." भाचीने इंटरनेटवर मिळालेली वीस प्रश्नांची यादी दोघांसाठी भरून पाहिली, तर आईचे गुण ४६ आले आणि मामाचे १९. तिचे प्रश्न असे: आईला पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा तणावाचा विकार) आहे आणि मामाला नाही, असे धरून चालायचे का? मामाला समोर बसवून एकदाचे सगळे बोलायला लावले तर त्याचे मन मोकळे होईल का? आणि तो लग्नाला आलाच नाही, तर पुढे संबंध ठेवायचे कशासाठी?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे, कारण नवरीला मांडवात आणणारा आणि अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागे उभा राहणारा मामा नसणे ही आपल्याकडे चार लोकांत दिसणारी उणीव असते. पण त्या रागाच्या मुळाशी १९ आणि ४६ हे दोन आकडे आहेत, आणि माझी पहिली हरकत त्या आकड्यांनाच आहे.

तुम्ही वापरलेली यादी चांगली आहे. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी, आणि साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर तज्ज्ञाकडे जाऊन नीट तपासणी करून घ्यावी, असा तिचा उपयोग आहे. मात्र ती ज्याची त्याने भरायची असते, आणि तीही गेल्या एका महिन्यापुरती. दुसऱ्यासाठी भरताना आपण नकळत फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना गुण देतो. आई दचकते, उठते, पाणी पाहते. हे सगळे तुम्हाला दिसते, म्हणून तिचे गुण वाढले. मामाच्या दुःस्वप्नांपुढे तुम्ही शून्य लिहिलेत. आता मला सांगा, मामा कसा झोपतो हे तुम्ही पाहिले आहे का? जो माणूस तीस वर्षांहून अधिक काळ, थंडीतसुद्धा, छपराच्या घरात न झोपता अंगणात पत्र्याखाली झोपतो, त्याच्या रात्रीबद्दल शून्य लिहिण्याआधी मी तरी थांबले असते.

तुमच्या प्रश्नामागे आणखी एक गृहीतक आहे, आणि ते इतके सार्वत्रिक आहे की अनेक घरांत मला ते भेटते: आजार एक असेल तर तो दोघांत सारखाच दिसला पाहिजे. पीटीएसडी या बाबतीत तसा वागत नाही. त्याची लक्षणे गटागटाने येतात. ज्या घरात पुरण शिजले असेल त्या घरात कटाची आमटी असणार हे आपण न पाहता सांगतो, तसे हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या की काही लक्षणे एकमेकांच्या सोबतीने वाढतात आणि सोबतीनेच उतरतात, असे दिसते. ज्याला आठवणी अचानक घेरतात त्याला स्वप्नेही पडण्याची शक्यता जास्त. ज्याला आनंद वाटेनासा होतो त्याला माणसांपासून तुटल्यासारखे वाटण्याची शक्यता जास्त. पुरणाच्या बाबतीत आमटी का सोबत येते हे आपल्याला ठाऊक असते, डाळीचे पाणी तिथलेच असते. लक्षणांच्या बाबतीत एकामुळे दुसरे होते की दोन्हींचे मूळ तिसरीकडेच आहे, हे सोबतीवरून कळत नाही. एवढी सावधगिरी ठेवून पुढचे वाचा.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० मध्ये प्रथम आला, आणि त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव मोठा होता. तेव्हा लक्षणांचे तीन गट होते, आणि १९८७ च्या सुधारित आवृत्तीत आठवणी टाळणे व भावना बधिर होणे हे दोन्ही एकाच गटात घातले गेले. पुढे संशोधकांनी रुग्णांची उत्तरे संख्याशास्त्राने तपासली, तेव्हा टाळणे आणि बधिर होणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, असे पुन्हा पुन्हा आढळले. टाळण्यात माणसाचा काहीएक हेतू असतो: तो रस्ता बदलतो, विषय बदलतो. बधिरपणात हेतू नसतो, तो येतो आणि बसतो. म्हणून २०१३ च्या आवृत्तीत गट चार झाले. पहिला, नको असलेल्या आठवणींची घुसखोरी. यात दुःस्वप्ने आली आणि प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटणेही आले. दुसरा, त्या आठवणी आणि त्या जागा टाळणे. तिसरा, विचारांत आणि भावनांत झालेले बदल: स्वतःला किंवा इतरांना अकारण दोष देणे, भीती किंवा अपराधीपणा न सुटणे, कशातच रस न वाटणे, माणसांपासून तुटणे, प्रेम वा आनंद आतून न येणे. चौथा, शरीर सतत पहाऱ्यावर असणे: दचकणे, झोप उडणे, चिडचिड, लक्ष न लागणे.

या चार गटांत मिळून वीस लक्षणे आहेत. पहिल्या दोन गटांतले प्रत्येकी एक आणि नंतरच्या दोन गटांतली प्रत्येकी दोन, अशी किमान सहा लक्षणे महिन्याहून अधिक काळ राहून जगणे अडवू लागली, तर निदानाचा विचार होतो. आता गंमत पाहा. या नियमांत बसणारी लक्षणांची मिश्रणे मोजली तर ती ६,३६,१२० भरतात. हा हिशोब कागदावरचा आहे, इतके प्रकार दवाखान्यात कोणी पाहिलेले नाहीत. पण त्याचा अर्थ खरा आहे. दोन माणसांचे निदान एकच असू शकते आणि त्यांच्यात एकही लक्षण समान नसू शकते.

तुमच्या पत्रातली आई बहुतेक चौथ्या गटातून दिसते आणि मामा दुसऱ्या-तिसऱ्या गटांतून. तांब्यातले पाणी पाहणे हा पहारा आहे. विषय निघताच जनावरांकडे जाणे हे टाळणे आहे. आणि भाचीला उचलून न घेणे? इथे मी अंदाजाने बोलते आहे, आणि तो अंदाज आहे हे लक्षात ठेवून वाचा. एकोणीस वर्षांच्या मुलाने अंधारात, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद कोसळलेल्या ढिगाऱ्यातून चौदा वर्षांच्या बहिणीला हातांनी उपसून काढले. आठ वर्षांची बहीण त्याला काढता आली नाही. आई या प्रसंगाची आठवण "दादाने मला वाचवले" अशी ठेवू शकते. त्याच प्रसंगाची दुसरी बाजू मामाच्या वाट्याला आली असेल, तर लहान मुलगी हातात घेणे ही त्याच्यासाठी साधी गोष्ट उरली नसेल. हे त्याने तुम्हाला कधी सांगितलेले नाही आणि कदाचित स्वतःलाही सांगितलेले नसेल. किल्लारीकडच्या माणसाच्या काळजाला "दगड" म्हणताना आईलाही कुठेतरी बोचत असणार, असे मला वाटते.

घरातल्या माणसांना कोणता गट सर्वांत जास्त दुखावतो, हाही अभ्यासाचा विषय झालेला आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या संसारांत पाहिले, तेव्हा पती-पत्नीतल्या दुराव्याशी दचकण्यापेक्षा किंवा स्वप्नांपेक्षा भावनिक बधिरपणाचे नाते अधिक घट्ट निघाले. मला याचे नवल वाटत नाही. रात्री ओरडत उठणाऱ्या माणसाला आपण पाणी देतो, पाठीवरून हात फिरवतो. जो ओरडत नाही, रडत नाही आणि हसतही नाही, त्याच्याविषयी मात्र आपण "तो तसाच आहे" असे ठरवून मोकळे होतो. आईचा आजार तुमच्या घराने सोसला; मामाचा, तो आजार असेल तर, घराने स्वभाव म्हणून मोजला.

"असेल तर" हे मी मुद्दाम लिहिले. पत्रावरून निदान होत नाही. मामाला दीर्घकाळचे नैराश्य असू शकते, न सरलेला शोक असू शकतो, आणि तो मुळातच अबोल माणूसही असू शकतो. या तिन्हींची लक्षणे पीटीएसडीच्या तिसऱ्या गटात मिसळलेली दिसतात आणि ती वेगळी करायला समोरासमोर बसावे लागते. त्यात तज्ज्ञांचेही गटांबाबत एकमत नाही. कोणी संख्याशास्त्राने पाच गट पाडले, कोणी सात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तर गट तीनच ठेवले आहेत: प्रसंग आत्ताच घडतो आहे असे अनुभवणे, टाळणे, आणि धोका अजून संपलेला नाही असे वाटणे. बधिरपणा, स्वतःविषयीची हीन भावना आणि नाती न जमणे हे त्यांनी "गुंतागुंतीचा पीटीएसडी" या शेजारच्या निदानाकडे नेले. म्हणजे मामासारखा माणूस एका पुस्तिकेत बसेल आणि दुसरीत बसणार नाही, असेही होऊ शकते. माझे स्वतःचे मत विचाराल तर गट कपाटाच्या कप्प्यांसारखे वापरावेत, काय कुठे शोधायचे ते कळण्यापुरते. माणूस कप्प्यात मावत नाही म्हणून त्याला काहीच झालेले नाही, असे कोणी म्हणू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आईच्या सगळ्याच सवयींना लक्षण म्हणू नका. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली; जे गेले त्यांतले बहुतेक झोपेत गेले. त्या रात्रीतून जगलेल्या बाईने उशाशी चपला आणि बॅटरी ठेवणे हे शहाणपण आहे, आणि ते कोणी काढून घेऊ नये. तिची झोप रात्रीतून दोन-तीनदा तुटते आणि टीव्हीवरच्या एका बातमीने तीन रात्री जातात, तिथे उपचाराची गरज सुरू होते.

मामाला समोर बसवून सगळे बोलायला लावण्याचा विचार सोडून द्या. मनातले ओकून टाकले की हलके वाटते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि काही दुःखांना ती लागूही पडते. पण आपत्तीनंतर लोकांना एकदाच बसवून प्रसंग वदवून घेण्याची जी पद्धत एकेकाळी जगभर चालली, तिने पीटीएसडी टळत नाही, हे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असे सांगितले. आठवणींशी काम करणारे उपचार आहेत, आणि ते प्रभावी आहेत. पण त्यांत रुग्ण स्वतः तयार असतो, वेग तो ठरवतो, बैठका अनेक होतात, आणि समोरच्याला कुठे थांबायचे याचे शिक्षण मिळालेले असते. लग्नघरातल्या दिवाणखान्यात, बहिणीच्या रडण्यासमोर, यातले काहीच नसते. तिथे दाबून धरलेला माणूस एक तर उठून जाईल किंवा तुमच्यासाठी बोलेल आणि पुढचे महिनाभर भोगेल.

आईपासून सुरुवात करणे सोपे आहे, कारण तिचा त्रास तिला मान्य आहे. पुण्यात आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळतील. विचारताना "आघातकेंद्री सीबीटी" (आघाताभोवतीचे विचार आणि वागणे यांवर बोलून काम करणारा उपचार) किंवा "ईएमडीआर" (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने आठवणींवर काम करणारा उपचार) येते का, असे नेमके विचारा. औषधांपैकी सर्ट्रालिनसारख्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा उपयोग होतो, पण त्या डॉक्टरने द्यायच्या आणि डॉक्टरनेच थांबवायच्या. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका: त्या रात्र काढून देतात, मूळ दुखण्याला हात लावत नाहीत, सवय लावतात, आणि या विकारासाठी त्या वापरू नयेत असे अनेक उपचार-मार्गदर्शिका स्पष्ट सांगतात. वीस प्रश्नांची यादी आईलाच भरू द्या आणि पहिल्या भेटीला घेऊन जा. इतकी वर्षे उलटली म्हणून आता काय उपयोग, असे ती म्हणेल. जुन्या आघातावरही हे उपचार लागू पडतात, हे तिला डॉक्टरकडून ऐकू द्या.

लातूर-धाराशिवकडे किंवा इतरत्र राहणाऱ्या, आणि हे वाचताना स्वतःच्या घरातले कोणी आठवलेल्या वाचकांसाठी: जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, आणि "टेलिमानस" ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलते. घरातला कोणी मरणाच्या गोष्टी करू लागला किंवा दारू वाढली, तर लग्नकार्य उरकेपर्यंत थांबू नका.

आता वारी. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने पत्रातले सर्वांत कामाचे तेच आहे. काळीज दगडाचे झालेला माणूस वारीहून येऊन आठ-दहा दिवस बरा राहत नाही. वारीत तो हजारो माणसांत असतो, म्हणजे माणसेच नकोत असे नाही. चालून शरीर थकते. रात्र राहुटीत किंवा उघड्यावर जाते, डोक्यावर भिंत नसते. सोबत्यांना त्याचा इतिहास माहीत असो वा नसो, कोणी विचारत नाही, आणि सगळे आधीच ठरलेले असते: केव्हा उठायचे, केव्हा निघायचे, मुक्काम कुठे. आता तुमच्या लग्नाकडे त्याच्या नजरेने पाहा. बंद हॉल, वर पहिल्या मजल्यावर असेल तर आणखी कठीण. डीजेचा ठोका, जो कानाआधी तळपायांना जाणवतो. फटाके. वीस नातेवाईक, त्यांतला प्रत्येक जण त्याला "तुझी आई असती तर" असे म्हणणार. आणि मध्यभागी नवरीचा हात धरून तो. "मला यात धरू नका" या निरोपाचा अर्थ "तू मला नकोस" असाच आहे, असे तुम्हाला अजूनही वाटते का?

हॉल ठरला नसेल तर मोकळ्या लॉनवरचे कार्य पाहा. ठरला असेल तर तळमजला आहे का, दार कुठे उघडते, हे पाहून ठेवा. मामाची खुर्ची दाराजवळ ठेवा. डीजे आणि फटाके निदान अक्षता पडेपर्यंत नकोत, असे सासरच्यांशी बोलून घ्या. कारण सांगायचे नसेल तर "घरात वडीलधाऱ्यांना त्रास होतो" एवढे पुरते, आणि ते खोटेही नाही. त्याला किती वाजता काय होईल ते कागदावर लिहून द्या. एक तास येऊन गेलात तरी चालेल, असे सांगा, आणि तसे झाले तर खरोखर चालवून घ्या. मामाचे काम करायला चुलत मामा किंवा आतेभाऊ तयार ठेवा, पण ते मामाला आधी सांगा. आपण न गेल्याने कार्य अडणार नाही हे कळले की यायला उलट सोपे जाते, हे मी इतर घरांत पाहिले आहे. आणि हे सगळे करूनही तो आला नाही, तर त्या दिवशी वाईट वाटेल, वाटू द्या. पण संबंध ठेवायचे की नाही हा निर्णय लग्नाच्या धामधुमीत घेऊ नका.

उपचाराचा विषय त्याच्यापाशी इतक्यात काढू नका. झोपेबद्दल, हाडे दुखण्याबद्दल त्याचा ज्या डॉक्टरवर विश्वास असेल, त्या डॉक्टरच्या कानावर मामीने हे घातले तर ते अधिक जमेल.

पत्रिका द्यायला गावी तुम्ही स्वतः जा. घरात बोलावले तरी अंगणातच पत्र्याखाली बसा. तो जनावरांकडे गेला तर बसून राहा, मागे जाऊ नका, तो परत येतो. आणि या पहिल्या खेपेला आईला सोबत नेऊ नका. ती दचकली की तो गप्प होतो आणि तो गप्प झाला की ती रडते, असे त्या दोघांचे तीस वर्षे चालत आले असावे. निदान या एका दुपारी त्यात तुम्ही एकट्या असलेल्या बऱ्या.